गुरुबळ घालवायचं मशीन

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकातल्या आमच्या दोन खोल्यांत मी एके काळी गुरुत्वाकर्षण बंद पाडलं होतं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तिथे पाणी बंद पडायचं, वीज बंद पडायची, जिन्यातला दिवा तर बिल्डरने बंदच बसवला होता. त्यात एक गुरुत्वाकर्षण बंद पडलं तर भाईंदरकरांना त्याचं काय विशेष? विशेष वाटलं ते एकाच बाईंना. आणि पुढे जे झालं ते सांगताना आजही माझ्या कपाळाची शीर तट्ट उभी राहते.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. मी मुंबईतल्या एका संस्थेत कर्करोगावर संशोधन करत होतो. करत होतो म्हणजे सर सांगतील त्या बाटल्या धूत होतो, आणि वेळ उरला तर पीएच.डी. करत होतो. विषय माझा मीच मागून घेतलेला: गुरुत्वाकर्षण बदललं तर त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींचं काय होतं? घरी हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा वडील गच्चीवर जाऊन उभे राहिले, ते शेजारची इमारत दोन मजले वर गेल्यावरच खाली आले.

गोष्ट तशी सोपी आहे. काचेच्या बाटलीत पेशी वाढवल्या की त्या तळाला जातात, तिथे चिकटतात, पसरतात, आडव्या होऊन संसार थाटतात. शरीरातली गाठ मात्र अशी सतरंजीसारखी आडवी नसते, ती गोळा होऊन वाढते. मग पेशीला खाली म्हणजे कुठे हेच कळू दिलं नाही तर? त्यासाठी तिला अंतराळात पाठवायला हवं. ते जमत नसेल तर तिची नळी आडवी धरून अगदी सावकाश फिरवत ठेवायची. पेशी खाली पडायला निघते न निघते तोच खाली बदललेलं असतं. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूसारखं. सामान लावायला घ्यावं तर घरमालक दारात. मी वापरायचो त्या उंदराच्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी. त्या स्वतःच काळा रंग तयार करतात. नळीच्या तळाशी जमल्या की काजळाची डबी उघडल्यासारखं दिसतं.

परदेशात हे फिरवायचं यंत्र विकत मिळायचं. त्याची किंमत ऐकून सरांनी कॅटलॉग मिटला आणि उशाला घेतला. मग मी आपल्या भाईंदरकडे वळलो. गोडदेवच्या बाजूला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा एक मिस्त्री होता. तो आषाढ लागला की भांडी बाजूला सारून गणपतीची चक्रं जोडायला बसायचा. मूर्तीच्या डोक्यामागे रंगीत दिव्यांचं जे चक्र फिरतं ना, ते. त्याच्या मागे एक चपटी मोटर असते. अशी संथ फिरते की जगबुडी आली तरी तिला घाई नाही. मला नेमकी तीच हवी होती. मिस्त्रीला मी म्हटलं, "चक्कर नहीं चाहिए, सिर्फ मोटर." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी लग्नात जेवण नको, नुसती पत्रावळ द्या म्हणतोय.

लॅबमध्ये नेण्याआधी घरी चाचणी घ्यायची होती. नळीत ओला कापूस घातला, त्यात भिजवलेली मटकी ठेवली आणि नळी आडवी करून फिरायला लावली. एरवी मोडाचं मूळ मुकाट खाली जातं. या मटकीला खालीच सापडेना. एक मोड डावीकडे, एक वर, एकाने तर स्वतःलाच गाठ मारली. मी आनंदाने ओरडलो. आईने त्या मटकीची उसळ केली. ती उसळ, मी खोटं सांगत नाही, ताटात वाढली तर वाटीकडे सरकायची, आणि वडिलांच्या पोटात रात्रभर दिशा शोधत हिंडत होती.

माझं ओरडणं ऐकून तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हेत, अख्ख्या बिल्डिंगच्याच काकू. यजमान गेलेले, एक मुलगी पदरात. मुलगी माझ्याच वयाची, चर्चगेटला एका कंपनीत अकाउंट्स बघायची.

"काय रे हे गरगरतंय?" काकू म्हणाल्या.

"काकू, यात गुरुत्वबल शून्य होतं."

"काय शून्य होतं?"

"गुरुत्वबल!"

काकूंचा हात तोंडावर गेला. "आणि हे तू मुद्दाम करतोयस?"

"मुद्दामच. सरांनी सांगितलंय."

"मेल्या, लोक ते वाढावं म्हणून गुरुवार धरतात!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, तोपर्यंत काकू दोन जिने उतरून गेल्या होत्या. मी म्हटलं गुरुत्वबल, त्यांनी ऐकलं गुरुबळ. पत्रिकेतला गुरू अनुकूल असला की लग्नाला गुरुबळ आहे म्हणतात, आणि ते नाही म्हणून त्यांच्या मुलीचं लग्न रखडलंय असं त्यांना कुणा ज्योतिषाने सांगितलं होतं. आता त्यांना कारणच सापडलं. ज्योतिषाला जे दिसत नव्हतं ते दुसऱ्या मजल्यावर गरगरत होतं.

मी खाली जाऊन समजावलं. सफरचंद, पृथ्वी, चंद्र, सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "चंद्राचं नको सांगूस, चंद्र चांगलाय तिचा."

मुलगी कोपऱ्यात चहा पीत होती. म्हणाली, "आई, सायंटिस्टला सोड. तो स्वतःचं वजन कमी करू शकत नाही, माझं गुरुबळ काय करणार?"

असो. मी यंत्र लॅबमध्ये नेलं. उबदार पेटीत ठेवलं, नळी काठोकाठ भरली, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर तोच पेशींना धक्के मारत फिरतो. दोन दिवसांनी नळी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि माझ्या हातापायांतलं वजन गेलं. पेशी पसरल्या नव्हत्या. एकमेकींना धरून त्यांनी गोळे केले होते, काळे, गोल, बारीक बारीक बुंदी पाडल्यासारखे. सतरंजीची गाठ झाली होती! मी सरांना ओढतच आणलं.

सरांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "महाराज, हे गुरुत्वाकर्षणामुळे कशावरून?"

"सर, फिरवलं म्हणून झालं."

"तेच म्हणतोय. फिरवलं म्हणून झालं. आमची आई ताक घुसळायची, लोण्याचा गोळा यायचा. तिला आम्ही अंतराळवीर नाही म्हटलं."

सर बोलायचे असेच, पण चुकीचं बोलत नव्हते. त्यांना हवं होतं दुसरं यंत्र, तस्संच, त्याच मोटरचं, त्याच वेगाचं, फक्त नळी उभी. उभी नळी स्वतःभोवती फिरली की पेशींना फिरण्याचा सगळा त्रास होतो, पण खाली ते खालीच राहतं. एकाच बाटलीतल्या पेशी अर्ध्या आडव्या नळीत, अर्ध्या उभ्या नळीत, एकाच दिवशी, शेजारी शेजारी. आडवीत गोळे आले आणि उभीत सतरंजी आली, तर म्हणायचं गुरुत्वाकर्षण. आणि असं तीनदा व्हायला हवं.

"अनंत चतुर्दशीला मी निघतोय," सर म्हणाले. ते परदेशी चालले होते, चांगले काही वर्षांसाठी. "तोवर तीनदा दाखवलंस तर तुझा विषय चालू ठेवा असं लिहून जातो. नाहीतर तू वरच्या मजल्यावर, बाईंकडे."

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे जायचं म्हणजे स्लाइडवरच्या पेशी मोजायच्या. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, दर पेशीला बोटातल्या यंत्राचं बटण टक्. त्यांच्याकडचा एक संशोधक लग्नाच्या पंगतीतही माणसं मोजताना सापडला होता.

मी त्याच संध्याकाळी मिस्त्रीचा गाळा गाठला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. मिस्त्री पुन्हा भांडी घासत बसला होता.

"मोटर? अभी?" तो हसला. "साब, सब मोटर बाप्पा के पीछे लग गया."

नवा माल थेट विसर्जनानंतर. मी गोडदेवपासून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कपर्यंत एकही मंडप सोडला नाही. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यामागे माझी पीएच.डी. गोल गोल फिरत होती, आणि मी समोर हात जोडून उभा. लोकांना वाटलं काय भक्त आहे! एका मंडळाच्या अध्यक्षाला विचारायची हिंमत केली. तो म्हणाला, "मोटर काढली तर चक्र थांबेल. चक्र थांबलं आणि पब्लिक भडकलं, तर तुला फिरवतील."

मला हवा होता दीड दिवसाचा गणपती, ज्याच्यामागे त्याच मिस्त्रीचं चक्र असेल. असा एक गणपती अख्ख्या भाईंदरात मला माहीत होता. तळमजल्यावर.

विसर्जन करून काकू परतल्या, नाकाचा शेंडा लाल, हातात रिकामा पाट. मी वेळ न बघता विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाट भिंतीला टेकवला.

"माझ्या बाप्पाची मोटर, आणि ती गुरुबळ घालवायला?"

"काकू, ते गुरुबळ नाही हो..."

"बरं, मग उलटं फिरव. सुलट फिरवून जातं, तर उलट फिरवून येईल."

"उलटं फिरवलं तरी शून्यच. वाढवायचं मशीन वेगळं असतं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता जीभ चावली. पण जे होतं ते होतं. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज होतं. त्यात नळी इतक्या जोरात गरगरते की आतल्या वस्तूचं वजन शेकडो पटींनी वाढल्यासारखं होतं.

काकूंचे डोळे निरांजनासारखे झाले. "शेकडो पटींनी?"

"आई, नको," मुलगी आतून ओरडली. तिने आईचा चेहरा न बघताच ओळखलं होतं.

काकूंनी कपाटातून पत्रिकेची झेरॉक्स काढली आणि माझ्या हातात दिली. "ही त्यात ठेव. मोटर घेऊन जा."

"माझं डोकंच ठेव ना त्यात," मुलगी म्हणाली. मग दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "फिरव बाबा एकदा. पितृपक्षाच्या आत एक स्थळ येतंय. तिला जरा बरं वाटेल."

मी शब्दाचा पक्का. पत्रिकेची गुंडाळी करून नळीत घातली. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर मशीन थयथयाट करतं. समोर मी संस्थेचं वक्तशीरपणाबद्दलचं परिपत्रक ठेवलं. दोन्ही जोरात फिरवली. पत्रिकेचं काय झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर आठवडाभर संस्थेतले लोक वेळेवर यायला लागले होते.

मग खरं काम. दोन यंत्रं, एक आडवं, एक उभं, शेजारी शेजारी. दोन दिवस मी पेटीच्या दारात असा बसून होतो की अंडी उबवणाऱ्या कोंबडीने माझ्याकडून धडे घ्यावेत. नळ्या काढल्या. आडवीत बुंदी. उभीत सतरंजी! तळाला पसरलेली, चिकटलेली, काळीभोर. सर बघून म्हणाले, "हं." सरांचं एक हं म्हणजे बाकीच्यांचे ढोल-ताशे. "परत कर."

परत केलं. परत बुंदी, परत सतरंजी. सरांनी या वेळी चष्मा काढून पुसला. "महाराज, एकदा अजून. झालं तर आज लिहिलेलं पत्र सहीसकट तुझं."

तिसऱ्या वेळेसाठी ताज्या पेशी वाढायला दोन दिवस हवे होते. त्या दोन दिवसांत यंत्रं रिकामीच. मी घरी आलो तर काकू जिन्यातच.

"वाढलं का?"

मी खूप खूश होतो. खूश माणसाने बोलू नये. मी सगळं खरं सांगितलं, की तुमची मोटर उभ्या यंत्राला आहे, तिथे गुरुत्वबल कमी पण होत नाही आणि जास्त पण होत नाही.

"मग काय होतं?"

"काही होत नाही. काही होऊ नये म्हणूनच ती आहे."

काकू जिन्यात खाली बसल्या. "काही होऊ नये म्हणून? काही न व्हायला माझी मोटर नेलीस? अरे, काही न होण्यासाठी आमच्याकडे काय कमी गोष्टी होत्या?"

हे वाक्य मी प्रयोगाच्या वहीत उभ्या यंत्राच्या रकान्यात लिहून ठेवलं.

उद्या मुलाकडचे येणार होते. काकूंना त्यांच्यासमोर देवघरातल्या पितळी गणपतीमागे चक्र फिरतं हवं होतं, घर कसं उजळून दिसतं म्हणून. मोटर मोकळीच होती, एका संध्याकाळचा प्रश्न. सकाळी आणून लावली.

संध्याकाळी मुलाकडचे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे एक काका. मोटरवर डोळा ठेवून मीही कोपऱ्यात बसलो होतो. काका म्हणजे सफारी सूट घालून चालतं बोलतं सर्वज्ञपण. पंख्याला वंगण नाही हे त्यांनी पंखा न बघता सांगितलं. पोह्यांत मोहरी उशिरा पडली हेही सांगितलं. मग त्यांची नजर देवघरावर गेली.

"हे उलटं फिरतंय," काका म्हणाले.

त्या मोटरची तशी खोडच होती. वीज गेली आणि परत आली की ती मनाला येईल त्या बाजूला फिरायला लागायची. त्या संध्याकाळी वीज दोनदा गेली होती. नुसतं हलकं बोट लावलं की वळते. मी तोंड उघडलं, पण काका उठले, दोन बोटं घातली आणि झाकण पिळावं तसं चक्र पिळलं.

कर्र.

तो आवाज बाकी कुणी ऐकला नाही. मी ऐकला. आत प्लॅस्टिकची दातेरी चाकं असतात. त्यातला एक दात गेला. चक्र पुन्हा फिरायला लागलं, पण दर फेरीला एक आचका: टक्. काका हात झटकत म्हणाले, "झालं सरळ."

मी त्या वेळी जे बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. सुदैवाने मी ते मनात बोललो. मनात बोललो तरी काकांच्या कपातला चहा थंड झाला.

मुलीने दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. "ज्यांचे काका न विचारता आमच्या गणपतीचं डोकं पिळतात, त्यांच्या घरी माझं काय होईल?" असं ती आईला म्हणाली. काकूंनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि माझ्याशी कायमचा. पण मुलगी त्याच संध्याकाळी वर आली, तिने स्वतःच मोटर सोडवून आणली होती.

"चालेल का रे?"

"चालवावी लागेल," मी म्हटलं.

मिस्त्रीकडे दात नव्हता, नवी मोटर नव्हती. आचका बसू नये म्हणून मी दात गेलेल्या जागी मेण भरलं, धागा गुंडाळला, हनुमान चालिसा पुटपुटलो. पेशी तयार होत्या, त्या थांबत नाहीत. सरांचं विमान थांबत नाही. पितृपक्ष थांबत नाही. मी तिसरी फेरी सुरू केली. पेटीचं दार लावल्यावरही मला ऐकू येत होतं: टक्. थोड्या वेळाने, टक्.

दोन दिवसांनी आडवी नळी पाहिली. बुंदी, सुंदर, गोल. मग उभी पाहिली.

तिच्यातही बुंदी. प्रत्येक आचक्यासरशी पेशी तळावरून सुटल्या होत्या, उसळल्या होत्या आणि एकमेकींना चिकटल्या होत्या. सतरंजी झालीच नव्हती.

सर आले तेव्हा त्यांच्या बॅगेला विमान कंपनीची चिठ्ठी लागलेली होती. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या.

"दोन्हीकडे गोळे," ते म्हणाले. "म्हणजे ताकच."

"नाही सर! मोटरचा दात गेलाय. त्या आचक्याने झालं. आधी दोनदा झालं ना बरोबर? दोनदा!"

"दात कसा गेला?"

मी सगळं सांगितलं. देवघर, चक्र, सफारी सूट. सर लक्ष देऊन ऐकत होते, मधे एकदा हसलेसुद्धा. मग विचारलं, "हे प्रबंधात कसं लिहिणार? उभ्या यंत्रात मुलाकडच्या काकांनी बोट घातलं?"

"सर, मला एक महिना द्या. नवी मोटर येईल. आता तर ढिगाने येतील, उद्या विसर्जन आहे."

"मी देऊ शकलो असतो तर दिला असता रे," सर म्हणाले. पहिल्यांदाच महाराज म्हणाले नाहीत. "मी उद्या इथे नसणार. आणि माझ्यानंतर जो बसेल त्याला दोनदा हो आणि एकदा नाही यातून फक्त नाही ऐकू येईल. मीच त्याच्या जागी असतो तर मलाही तेवढंच ऐकू आलं असतं."

त्यांनी खिशातून पत्र काढलं, वाचलं, परत खिशात ठेवलं आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. थाप जड होती.

ते गेल्यावर नियमाप्रमाणे सगळं मारून टाकायचं होतं. कर्करोगाच्या पेशी कचऱ्यात टाकता येत नाहीत, आधी ब्लीचमध्ये बुडवाव्या लागतात. मी दोन्ही मोटरी बंद केल्या. आडवी नळी उचलून रॅकमध्ये उभी ठेवली आणि ब्लीचची बाटली उघडण्याआधी थोडा वेळ बघत बसलो. काळे गोळे सावकाश खाली निघाले. कुणी सांगायला नको, कुणी शिकवायला नको, सगळे एका दिशेने. हे मला दिसत होतं, डोळ्यांना साफ दिसत होतं, आणि ते कुणाला दाखवण्याजोगं माझ्याकडे आता काहीही उरलं नव्हतं. ब्लीच ओतलं. काळं तपकिरी झालं, तपकिरी पिवळट झालं, मग नुसतं गढूळ पाणी.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर गेलो. बाईंनी स्लाइडचा खोका पुढे सरकवला, बोटात अडकवायचं मोजणीयंत्र दिलं आणि विचारलं, "याआधी कधी मोजलंयस का काही?"

"तीनपर्यंत," मी म्हटलं.